दहावी 'अ'मधली अडगळ

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेला थोडा भाग स्मरणिकेसाठी परत घातला आहे.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू झाला तेव्हा प्रत्येकाने आपण काय करतो ते लिहिलं होतं. कोणी बंदरात, कोणी शाळेत, कोणी स्वतःच्या गाड्या लावलेल्या. मी लिहिलं, 'इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर'. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं लिहिलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं, आणि ते मला घरीही कधी जमलं नाही. आज संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत, म्हणून प्रयत्न करतो.

मी मुंबईत चित्रप्रदर्शनांच्या दालनांत काम करतो. पण भिंतीवर टांगलेल्या चित्रांचं नाही. ज्या कलाकृतींत टीव्ही लागतात, प्रोजेक्टर, स्पीकर, सेन्सर लागतात, त्यांची वायरिंग, जोडणी आणि देखभाल मी करतो. या प्रकाराला मराठीत 'मांडणशिल्प' म्हणतात. चित्रकलेच्या सरांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, "अरे, ह्याला चित्र म्हणायचं का?" सर, मलाही पहिली काही वर्षं हाच प्रश्न पडायचा.

आपल्याला समजेल असं सांगतो. गणपतीत आपण आरास करतो. मूर्ती मध्ये, मागे पडदा, बाजूला हलणारं चक्र, दिवे, कुठेतरी लपवलेला टेपरेकॉर्डर. माणूस मांडवात शिरला की तो देखावा नुसता बघत नाही, त्या देखाव्याच्या आत उभा असतो. मांडणशिल्पाचं तंत्र यापेक्षा फार वेगळं नाही. फरक एवढाच की आरास बघून बाहेर पडताना आपण प्रसाद घेऊन समाधानाने निघतो, आणि मांडणशिल्प बघून निघताना बऱ्याचदा डोक्यात खडा राहतो.

मी तिथे पोचलो कसा? दहावीनंतर आयटीआय केलं आणि पनवेलला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो. ते दिवस तुम्हाला आठवतील. केबल आली होती, घरोघर रंगीत टीव्ही येत होते, आणि टीव्ही बिघडला की लोक तो टेम्पोत घालून, चादरीत गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तसा आणायचे. पिक्चर ट्यूबचा टीव्ही बंद केला तरी आत काही काळ वीज साठून राहते. ईएचटीजवळ हात गेला की माणूस मागे फेकला जातो. असे धक्के खात मी शिकलो. पण नव्वदीचं दशक संपता संपता लोक दुकानात येऊन विचारायला लागले, "दुरुस्तीला किती, आणि नवीन घेतला तर किती?" हा प्रश्न सुरू झाला तेव्हाच आमचं दुकान संपलं होतं. शटर मात्र पुढे दोन वर्षांनी उतरलं.

त्याच सुमारास, १९९९ साली, एक मित्र मला मुंबईला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये घेऊन गेला. तिथे नलिनी मलानी यांचं मांडणशिल्प होतं. नाव होतं 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग', सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरच्या कथेवरून. काळोखी खोलीत पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या. आपल्या घरी पावसाळ्यात गोधड्या ठेवतो तशाच ट्रंका. प्रत्येक ट्रंकेत एक टीव्ही, त्यावर घर सोडून निघालेल्या माणसांची दृश्यं. भिंतींवर अणुस्फोटाची चित्रं. पोखरणच्या चाचण्या होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. मी मेकॅनिक. मी आधी टीव्हीच्या मागे वायर कुठून गेली ते बघितलं. मग जरा वेळाने वायर बघायची विसरलो. टीव्ही ही वस्तू मी हजारदा उघडली होती, पण टीव्ही ट्रंकेत ठेवला की तो निर्वासिताचं सामान होतो, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

त्यानंतर मी अशी कामं शोधत गेलो. काळा घोडा कला महोत्सवही १९९९ लाच सुरू झाला. तिथे फुटपाथवर उघड्यावर मांडणी असायची, त्यामुळे वायरमन लागायचे. सुरुवात तिथून झाली.

या पंचवीस वर्षांत पाहिलेलं सगळं सांगत बसत नाही. तीन-चार कामं सांगतो, कारण ती आपल्याशी संबंधित आहेत.

शर्मिला सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक साडी केली. कोका-कोलाच्या बाटल्यांच्या बुचांची. ती बुचं एकमेकांत अडकवून, पदर, काठ, सगळं असलेली साडी. आठवतंय का, यात्रेत आपण सोड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा करायचो आणि ठोकून चपटी करायचो? तीच बुचं. कोका-कोला १९७७ साली देशातून गेलं आणि १९९३ साली परत आलं. ती साडी बघून बायका आधी हसतात. मग हात लावून बघावंसं वाटतं. मग लक्षात येतं की ही नेसली तर चालता येणार नाही, बसता येणार नाही, आणि धारेने हात कापेल.

शिल्पा गुप्ता यांचं सावल्यांचं काम २००६-०७ च्या सुमाराचं. तुम्ही मोठ्या पडद्यासमोर उभे राहता. कॅमेरा तुम्हाला टिपतो, संगणक तुमची सावली पडद्यावर दाखवतो. तुम्ही हात हलवला की सावली हात हलवते. पोरं नाचायला लागतात. मग वरून एकेक वस्तू घसरत येते आणि सावलीला चिकटते. झटकली तरी जात नाही. आणखी येते. शेवटी सावली राहतच नाही, नुसता ढीग राहतो. तंत्राच्या बाजूने बघाल तर हे कॅमेरा, संगणक आणि प्रोजेक्टर इतकंच आहे. पण पडद्यापुढून हलताना माणूस स्वतःच्या खांद्यावर हात फिरवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जितीश कल्लाट यांनी २००८ मध्ये पाण्याचा टँकर केला, पूर्ण आकाराचा, पण हाडांचा. एखाद्या नामशेष प्राण्याचा सांगाडा संग्रहालयात ठेवावा तसा. पाण्याचा टँकर म्हणजे काय हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावलेल्या बायका या सभेतही बसल्या आहेत.

त्यांचंच दुसरं काम माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचं. ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, छायाचित्रांतच पाहिलं. आता ते ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कलासंग्रहालयात आहे. महात्मा गांधींनी दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० ला, साबरमतीला भाषण केलं. ते संपूर्ण भाषण कल्लाटांनी २००७ साली हाडांच्या आकाराच्या ४४७९ अक्षरांत मांडलं. फळ्यांवर ओळीने अक्षरं, पिवळी पार्श्वभूमी. १९३० हे साल वाचलं आणि मला आपला अक्कादेवीचा डोंगर दिसला. त्या भाषणानंतर सहा महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९३० ला, आपल्या गावचे आणि आजूबाजूचे लोक कोयते घेऊन जंगलात गेले. गोळीबार झाला. आठ हुतात्मे झाले. दर वर्षी त्या दिवशी आपण शाळेतून रांगेने स्मारकाकडे जायचो, आणि मी मागे राहून चिंचा पाडायचो, हे बाई विसरल्या नसतील.

आता तुम्ही म्हणाल, यात कलाकारांचं कौतुक झालं, तुझं काय? माझं काम पडद्यामागचं. प्रोजेक्टर किती अंतरावर टांगला म्हणजे भिंतीभर चित्र येईल, तो तापू नये म्हणून हवा कुठून द्यायची, चार प्रोजेक्टर एकाच क्षणी कसे सुरू करायचे, उंदरांनी वायर कुरतडली तर कुठे शोधायची. एकदा एका उद्घाटनाला व्होल्टेज वरखाली झालं आणि प्रोजेक्टर बसला. खोलीत काळोख. मी शिडीवर. खाली पंधरा-वीस पाहुणे त्या काळ्या भिंतीकडे बघत गंभीर उभे. दहा मिनिटांनी एकाने वर बघून मला विचारलं, "या काळोखाचा अर्थ काय असेल?" मी म्हटलं, "साहेब, फ्यूज." तेव्हा सर, तुमचा प्रश्न मी खरंच मनावर घेतलेला आहे. या क्षेत्रात फ्यूज आणि अर्थ यांत गल्लत होते, आणि कधी कधी गल्लत करून घेतलीही जाते. पण म्हणून सगळंच थोतांड ठरत नाही. चांगलं काम कोणतं? माझी कसोटी साधी आहे. सगळं अनप्लग करून गाडीत भरल्यावरही जे डोक्यातून जात नाही, ते.

आता जे सांगायला मी खरा उभा राहिलो आहे ते सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, मी कुंभारवाड्यातला. बाबांचे माठ उरणच्या बाजारात जायचे, पनवेलला जायचे. भट्टी लागली की आपल्यातले कितीतरी जण रात्री धूर बघत आमच्या अंगणात बसायचे. १९९६ साली मी पहिल्या बोनसमधून घरी फ्रिज आणला. टेम्पोतून उतरवताना अर्धी आळी गोळा झाली. आईने त्याला हळदकुंकू लावलं. बाबा म्हणाले, "बरा आहे." एवढंच. पण ते शेवटपर्यंत फ्रिजमधलं पाणी प्यायले नाहीत. मी त्यांच्यावर हसायचो. एकदा उन्हाळ्यात विक्री अगदीच बसली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "बाबा, आता माठ कोण घेतं? चाक काढून टाका, पडवीत जागा होईल."

मग जरा वाईट वाटलं म्हणून मी एक उद्योग केला. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढून ती बाबांच्या चाकाला बसवली. बटण दाबलं की चाक गरगर. मला वाटलं, आता हात दुखणार नाहीत. बाबांनी एक दिवस वापरलं. संध्याकाळी म्हणाले, "फिरतं छान. पण माझं ऐकत नाही." माझ्या मोटरला वेग कमीजास्त करायची सोयच मी ठेवली नव्हती. मातीला गळा काढताना चाक हळू लागतं, हे मी लहानपणी रोज बघितलं होतं आणि तरी विसरलो होतो. आज कुंभारांसाठी वेग बदलता येणारी विजेची चाकं मिळतात, चांगली चालतात. चूक यंत्राची नव्हती. ज्याच्यासाठी केलं त्याला मी विचारलं नव्हतं.

बाबा २०११ साली गेले. दिवसकार्य झाल्यावर पडवी आवरायला घेतली. फ्रिज कधीच बंद पडलेला. त्यावर दोन टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, स्टॅबिलायझर, मिक्सरची तीन भांडी, खोकी. सगळं मी आणलेलं. आणि त्या सगळ्याच्या खाली, भिंतीला टेकून, बाबांचं चाक. मी अडगळ म्हटलेली एकच वस्तू त्या ढिगात अशी होती, जी उचलून मांडली असती तर त्या क्षणी चालली असती.

मी इथे कोणाला उपदेश करायला आलेलो नाही. आपण ज्या वर्षी दहावी झालो त्याच वर्षी, १९८९ ला, न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्याआधी आपण पाचवीत असताना जानेवारी १९८४ मध्ये जमिनींसाठी आंदोलन झालं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली. पाच माणसं गेली. साडेबारा टक्क्यांचा हक्क त्यातून आला. आपल्यातल्या कितीजणांची घरं, नोकऱ्या, पोरांची शिक्षणं त्यावर उभी राहिली. देशभरातल्या दुकानांत जाणारा केवढा तरी माल आपल्या दारावरून कंटेनरमधून जातो. आपण या सगळ्याकडे लांबून बघणारे नाही, आपण त्या रस्त्यावरच राहतो. २०२४ साली अटल सेतूही सुरू झाला. फ्रिज वाईट, मोबाईल वाईट असं म्हणणारा मी कोण? माझं पोट विजेवर आहे. मला फक्त वाटतं, वस्तू घरात येताना आपण तिला ओवाळतो, तर जाताना एकदा तिच्याकडे बघावं.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी ग्रुपवर विचारलं होतं की घरातली एक बंद पडलेली वस्तू द्या, आणि ती घरात कधी आली ते दोन वाक्यांत रेकॉर्ड करून पाठवा. तुम्हाला वाटलं असेल मी भंगाराचा धंदा काढला. त्रेचाळीस वस्तू आल्या. मोबाईल सगळ्यात जास्त, बावीस. मग मिक्सर, रेडिओ, टेपरेकॉर्डर, इस्त्र्या, पंखे, चार टीव्ही, आणि एकाने नुसतं फ्रिजचं दारच पाठवलं, त्यावर लेकीने लहानपणी लावलेले स्टिकर आहेत म्हणून.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने दहावी 'अ'च्या वर्गात बावीस बाकं लावली आहेत. बाकावर दोन-दोन जागा, चव्वेचाळीस. प्रत्येक जागेवर एक वस्तू बसवली आहे. जिन्यात आपोआप दिवा लागतो त्यातला सेन्सर प्रत्येक बाकाला आहे. तुम्ही जवळ गेलात की त्या वस्तूवर दिवा लागेल आणि तुमच्यापैकीच कोणाचा तरी आवाज येईल. फळ्यापाशी एक टीव्ही चालू आहे, त्यात दारावरचा कॅमेरा जोडलेला आहे. आत येणारा माणूस त्यात स्वतःच दिसतो. ही युक्ती माझी नाही. नाम जून पाईक नावाच्या कोरियन कलाकाराने १९७४ मध्ये बुद्धाची मूर्ती टीव्हीपुढे बसवली, आणि त्या टीव्हीत बुद्धालाच बुद्ध दिसेल अशी सोय केली. तिथून मी ती उचलली.

आता हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केला असेल. वस्तू त्रेचाळीस आल्या, पण वर्गात बेचाळीसच आहेत. आपल्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या यजमानांचा मोबाईल पाठवला होता. ते ट्रेलर चालवायचे. ते गेले त्याला चार वर्षं झाली. फोन पाण्यात पडला होता, तिने तसाच डब्यात ठेवला होता. मांडायच्या आधी मी सवयीने उघडला. बोर्ड स्वच्छ केला, बॅटरी बदलली, आणि तो सुरू झाला. मी आत काही बघितलं नाही. तिला फोन केला. ती आली, माझ्या टेबलापाशी बसली. त्यात एक आवाज होता. वाटेत कुठेतरी गाडी थांबवून त्यांनी तिला पाठवलेला, जेवलीस का, मला उशीर होईल, इतकाच. तिने तो तीनदा ऐकला. मग म्हणाली, "हा वर्गात नको ठेवूस. घरी नेते."

मी म्हटलं, "ने." कलाकार असतो तर कदाचित समजूत घातली असती. मी मेकॅनिक आहे. दुरुस्त झालेली वस्तू मालकाला परत द्यायची, हा दुकानाचा नियम. तिची परवानगी घेऊनच, नाव न घेता, हे इथे सांगतो आहे. ती जागा रिकामी ठेवली आहे. तिच्यावर दिवा लागतो, आवाज काही येत नाही.

आणि शेवटच्या बाकावर, खिडकीकडे, चव्वेचाळिसाव्या जागेवर बाबांनी केलेला एक माठ आहे. त्याला वायर नाही, सेन्सर नाही. सकाळी भरून ठेवला आहे. शेजारी पेला आहे.

एक कामाची सूचना देतो. उद्या संध्याकाळी हे सगळं उतरवल्यावर ज्यांना आपली वस्तू परत हवी त्यांनी न्यावी. उरलेल्या वस्तू मी ई-कचऱ्याच्या परवानाधारक केंद्रावर नेऊन देणार आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि तांब्यासाठी वायर जाळली की तो धूर शेजारच्या पोरांच्या छातीत जातो. भट्टीचा धूर वेगळा, हा वेगळा.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. याला चित्र म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. सातवीत माझ्या वहीवर तुम्ही शेरा लिहिला होता, 'हात चांगला, लक्ष नाही'. जेवणाआधी पाच मिनिटं वर्गात येऊन जा. या वेळी लक्ष दिलंय का, तेवढं सांगा. पाणी तिथेच प्या.